लिनक्स मिंट एक्सएफसीई: भरलेल्या लॅपटॉपात विंडोजशेजारी ३० जीबीची जागा करून

लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी किंवा शेजारी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, आणि एक्सएफसीई हे तिचं हलकं रूप. निकाल आधीच सांगतो. फुकटात मिळणारी गोष्ट म्हणून नव्हे, तर कामाला येते म्हणून पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढं येईलच.

सेलूत माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, नांदेड विद्यापीठाचे परीक्षा फॉर्म, शिष्यवृत्ती, भाडेकरार, अंगठा लावून पैसे काढणं, जे येईल ते. काउंटरवरचा लॅपटॉप सहाव्या पिढीच्या आय-थ्रीचा, रॅम ४ जीबी, आणि नंतर बसवलेली १२८ जीबीची एसएसडी, जी विंडोजात ११९ दिसते. कंपनी हजाराच्या हिशेबात मोजते, विंडोज १०२४ च्या, म्हणून नऊ जीबी कागदावरच गायब. विंडोज ११ ला किमान आठव्या पिढीचा इंटेल लागतो, त्यामुळं तो रस्ता बंद. आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे माहीत होतं. लोकांचे आधार, पासबुक, ओटीपी ज्या मशीनवर फिरतात ती सुरक्षा अपडेटशिवाय इंटरनेटला जोडून ठेवायची, हे मला पटत नव्हतं. वर्षभराची वाढीव मुदत होती, पण तिच्यानंतर पुन्हा तेच.

मग विंडोज उडवूनच का टाकलं नाही? अंगठ्याच्या यंत्रासाठी. माझ्याकडच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, म्हणजे अंगठ्याचा ठसा आधारकडं पाठवणारं सॉफ्टवेअर, विंडोज आणि अँड्रॉइडपुरतीच आहे. शिवाय श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या लग्नपत्रिका, जुने करारनामे, सगळा पसारा तिकडंच. म्हणजे विंडोज राहणार, फक्त त्याला थोडं सरकून बसायला लावायचं. खरं काम इथंच आहे. लिनक्स टाकणं सोपं, जागा काढणं अवघड.

मिंटच का, हे थोडक्यात. मिंटच्या तीन आवृत्त्या येतात, सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई; तिघींत एक्सएफसीई सगळ्यांत हलकी. लुबंटू नावाचं दुसरं लिनक्स याहूनही हलकं वाटतं, पण त्यात फायरफॉक्स स्नॅपमधून (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यातून) येतो आणि स्नॅपला जागा लागते. मिंटनं स्नॅप मुळातच बंद ठेवलंय. मशीन एक-दोन जीबी रॅमची असेल तर मिंटच्या नादी लागू नका, ग्रीसमधून येणारं अँटीएक्स बघा. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तरी तेच, कारण मिंटच्या मुख्य आवृत्तीनं २०२० मध्ये ३२ बिट सोडलं. आणि पार्टिशनला (डिस्कच्या कप्प्यांना) हातच लावायचा नसेल तर पपी लिनक्स आहे. ते विंडोजच्या ड्राइव्हमधल्या एका फोल्डरात पडून राहतं आणि रॅममध्ये चालतं. पण रोज दहा तास गिऱ्हाईक करायचं तर मला मिंटसारखं सरळ, नेहमीच्या मेनूचं काहीतरी हवं होतं. मिंट २२ ची मालिका उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मी टाकली ती २२.१, नाव 'शिया'. पुढं अपडेट मॅनेजरमधूनच २२.२ 'झारा' झाली. या लोकांना प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव द्यायची हौस आहे, तेही 'आ'कारान्त.

मिंटवाले स्वतः सांगतात, किमान २० जीबी, बरं म्हणाल तर १०० जीबी. शंभर कुठून आणायचे? मी ३० ठरवले.

आता जागेची गोष्ट. सी ड्राइव्हवर जेमतेम वीस-बावीस जीबी मोकळे होते. पहिला गठ्ठा डाउनलोड फोल्डरात निघाला. सेंटर चालवणाऱ्याचं डाउनलोड फोल्डर म्हणजे आठवडी बाजार उठल्यावरचं मैदान. गावोगावचे आठ-अ, कुणाचे तरी हॉलतिकीट, एकच शासन निर्णय कंसात आठपर्यंत आकडे लागून. लागणारं सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर टाकलं, बाकी उडवलं. (गिऱ्हाइकांची कागदपत्रं इतकी दिवस मशीनवर ठेवूच नयेत, हा वेगळा विषय.) मग डिस्क क्लीनअप उघडून 'क्लीन अप सिस्टम फाइल्स' दाबलं, जुन्या अपडेटचा गाळ तिथंच निघतो, नुसत्या रिसायकल बिनमध्ये काही नसतं.

त्यानंतर हायबरनेशन. सीएमडी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं आणि 'पॉवरसीएफजी', जागा सोडून 'स्लॅश एच', परत जागा सोडून 'ऑफ'. हायबरफिल नावाची फाइल जाते. रॅमच्या साधारण चाळीस टक्के आकाराची असते, म्हणजे माझ्याकडं दीड जीबीच्या वर. पण याचा खरा फायदा दुसराच आहे. याच हुकमानं 'फास्ट स्टार्टअप'ही बंद होतं. फास्ट स्टार्टअप चालू असलं की विंडोज बंद केल्यासारखं दिसतं, पण पूर्ण बंद होत नाही, ड्राइव्ह अर्धवट धरून ठेवतं आणि लिनक्समधून सी ड्राइव्ह उघडला तर फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. दोन सिस्टिमची एकच फाइल वापरायची असेल तर हे आधी बंद करा.

तिसरं, 'कॉम्पॅक्ट ओएस'. विंडोज स्वतःच्या फाइल दाबून ठेवतं, दोनेक जीबी सुटतात. प्रोसेसर फारच दमलेला असेल तर नका करू. माझ्याकडं फरक जाणवला नाही.

एवढं झाल्यावर मोकळी जागा पन्नासच्या घरात गेली. डिस्क मॅनेजमेंट उघडलं, सी वर उजवी क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम', तर ते म्हणतंय जास्तीत जास्त सहा जीबी देतो. पन्नास मोकळे असून सहा! इथं बरेच जण वैतागून सोडून देतात, किंवा कुठलं तरी फुकट पार्टिशनचं सॉफ्टवेअर उतरवतात. गरज नाही. ड्राइव्हच्या शेवटाकडं काही फाइल अशा बसलेल्या असतात की विंडोज त्या हलवत नाही: पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची फाइल), हायबरफिल आणि सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी. त्यांच्या अलीकडची सगळी मोकळी जागा मिळून न मिळाल्यासारखी. हायबरफिल आधीच गेली होती. 'व्हर्च्युअल मेमरी'त जाऊन पेजफाइल तात्पुरती 'नो पेजिंग फाइल' केली, 'सिस्टम प्रोटेक्शन' बंद केलं, मशीन रिस्टार्ट. परत श्रिंक. आता आकडा हवा तसा आला. तिथं एमबीत लिहावं लागतं. ३० जीबी म्हणजे ३०७२०. काम झाल्यावर पेजफाइल परत चालू करायला विसरू नका, ४ जीबी रॅमवर तिच्याशिवाय विंडोज गुदमरतं.

ज्यांच्या सी ड्राइव्हच्या चित्रावर कुलपाची खूण दिसते त्यांनी थांबावं. ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप आहे. त्याची रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून घ्या, मगच पुढचं.

पेन ड्राइव्हचं काम किरकोळ. आठ जीबीचा चालतो, आयएसओ, म्हणजे मिंटची उतरवायची फाइल, तीन जीबीच्या आतली आहे, रुफस या सॉफ्टवेअरनं पेन ड्राइव्हवर लिहायची. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवणार असाल तर रात्री लावा. एकच बघायचं: विंडोज ज्या मोडमध्ये चालतंय त्याच मोडमध्ये पेन ड्राइव्ह सुरू झाला पाहिजे. 'सिस्टम इन्फर्मेशन'मध्ये बायोस मोडसमोर यूईएफआय (नवी पद्धत) लिहिलंय की लेगसी (जुनी), ते पाहून घ्या. लेगसी असेल तर चार प्रायमरी पार्टिशनची मर्यादा आड येऊ शकते. जुन्या मशीनला कंपनीनंच चारही भरून दिलेले असतात.

पेन ड्राइव्हवरून मिंट न टाकताच चालवून बघता येतं, आणि ते बघाच. वायफाय, आवाज, प्रिंटर, टचपॅड, सगळं तिथंच कळतं. माझं वायफाय लगेच लागलं. ओळखीच्या एकाच्या मशीनला लागलं नाही, तर त्यानं मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग केलं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून पुढचं निभावलं.

टाकताना 'विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करा' असा सरळ पर्याय येतो. पण मी 'समथिंग एल्स' घेतला, कारण जागा मी आधीच काढून ठेवली होती आणि माझ्या डोळ्यांसमोर काय कुठं जातंय ते बघायचं होतं. मोकळ्या तीस जीबीवर एकच पार्टिशन, लिनक्सचा फॉरमॅट एक्स्ट४, माउंट पॉइंट नुसता स्लॅश. होमचं (आपल्या फाइलींचं) वेगळं करू नका. एवढ्याशा जागेत दोन कप्पे केले की एक रिकामा राहतो आणि दुसरा भरून वाहतो. स्वॅपचं (रॅम कमी पडली की वापरायचं) पार्टिशनही नको, त्याची फाइल ते स्वतः बनवतं. यूईएफआयचं छोटं पार्टिशन विंडोजचंच वापरायचं, पण त्याला फॉरमॅटची खूण चुकूनही करायची नाही. विंडोज तिथूनच उठतं. वीस-पंचवीस मिनिटांत काम झालं. रिस्टार्ट केल्यावर यादी आली, वर मिंट, खाली विंडोज बूट मॅनेजर. बायोसच्या यादीत मात्र याचं नाव 'उबंटू' दिसतं, घाबरू नका, तेच ते.

ताज्या मिंटनं दहा-अकरा जीबी खाल्ले. आता ती जागा टिकवायची तर पहिल्याच दिवशी चार गोष्टी. स्वागताच्या खिडकीत टाइमशिफ्ट (सिस्टिमची प्रत ठेवणारं ॲप) चालू करा असा आग्रह असतो. चांगली सोय आहे, पण पहिली प्रत जवळपास सिस्टिमएवढीच असते, तीस जीबीत ती मावायची नाही. घ्यायचीच तर लिनक्स फॉरमॅटच्या बाहेरच्या डिस्कवर. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकच ॲप 'सिस्टिम पॅकेज' आणि 'फ्लॅटपॅक' अशा दोन रूपांत दिसतं. कायम पहिलं निवडायचं. फ्लॅटपॅकचं इवलंसं ॲपसुद्धा सोबत शेकडो एमबीचं वऱ्हाड आणतं. अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्समध्ये 'ऑटोमेशन'खाली जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) आपोआप काढण्याची खूण करून टाका, नाहीतर दर अपडेटला नवा येतो आणि जुना तिथंच ठाण मांडून बसतो. आणि दस्तऐवज मिंटच्या होममध्ये न ठेवता सी ड्राइव्हवरच्या एका फोल्डरात ठेवा. दोन्हीकडून उघडतात, तीस जीबी नुसत्या सिस्टिमला राहतात.

घड्याळाचं सांगायचं राहिलं. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक. त्यामुळं मिंटमधून विंडोजात गेलं की वेळ बरोबर साडेपाच तास मागं जाते. सकाळी अकराला पावतीवर साडेपाच छापून आले की गिऱ्हाईक विचारणारच, 'पहाटंच दुकान उघडलंव का?' टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' असा हुकूम दिला की मिटतं. 'टाइमडेटसीटीएल'नंतर जागा, 'सेट-लोकल-आरटीसी' सलग, त्यात दोन डॅश, परत जागा सोडून १.

मराठीचं बघून मला आधी धास्ती होती. टंकन परीक्षेच्या काळापासून माझी बोटं ठरलेल्या जागी जातात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट मिळालं, फोनेटिकवाल्यांना आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकून ते मिळतं. अक्षरं छान उमटतात, 'ऱ्या'सुद्धा नीट. एक बारीक गोष्ट: लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी राहिली तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट'ला मराठी निवडलं की नोटो फॉन्टचा 'ल' आपला होतो.

पण विंडोजातल्या वर्डमध्ये मंगल फॉन्टमध्ये केलेला करारनामा इथं उघडला की मंगल नसतो, त्याच्या जागी दुसरा फॉन्ट येतो, ओळी लांब-आखूड होतात आणि साक्षीदारांच्या सह्या दुसऱ्या पानावर जातात. पाचशेच्या स्टॅम्पवर छापायचं असेल तर हा खेळ परवडत नाही. म्हणून स्टॅम्पची कामं मी विंडोजातून पीडीएफ करून आणतो किंवा तिकडंच छापतो. श्रीलिपीचा मजकूर तर इथं नुसतीच इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतो, कारण तो युनिकोड नाही. पाचवा तारा कापला तो यासाठी. दोष मिंटचा म्हणावा असा नाही, पण मराठवाड्यात करारनामे करणाऱ्याचं काम अडतं ते अडतं.

बाकी कामात मात्र मिंटनं विंडोजला मागं टाकलं. कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून लोक निजामकाळच्या कागदांचे मोबाइलवर काढलेले फोटो घेऊन येतात. उर्दू, मोडी, वाकडेतिकडे, काळपट, एकेक फोटो पाच-सहा एमबीचा. ते सरळ करायचे, उजळायचे, एका पीडीएफमध्ये बांधायचे आणि पोर्टल मागेल तेवढ्या आकारात बसवायचे. पूर्वी यासाठी कुठल्या तरी वेबसाइटवर कागद चढवावे लागायचे, म्हणजे लोकांच्या पूर्वजांच्या नोंदी परक्याच्या सर्व्हरवर. आता पीडीएफ अरेंजरमध्ये पानं लावतो आणि घोस्टस्क्रिप्टच्या एका हुकमानं आकार घटवतो, इंटरनेट लागतच नाही. परीक्षेच्या फॉर्मचा फोटो ५० केबीत बसवायला इमेजमॅजिक आहे. 'जेपेग एक्स्टेंट ५० केबी' असं सांगितलं की तो स्वतःच दर्जा कमी-जास्त करून मर्यादेत आणतो. हुकूम एका फाइलमध्ये लिहून ठेवलाय, पोरगं फोटो त्या फोल्डरात टाकतं आणि चिकटवून एंटर मारतं.

वेगाचं म्हणाल तर चालू झाल्यावर नुसत्या मिंटला आठशे एमबीच्या आसपास रॅम लागते. याच मशीनवर विंडोज दोन जीबी आधीच धरून बसतं. फायरफॉक्समध्ये दहा-बारा टॅब उघडले की इथंही दम लागतो, ४ जीबी ते ४ जीबीच. जुलैअखेरच्या विम्याच्या गर्दीत पोर्टलच फिरत बसतं, त्याला कोणतीही सिस्टिम काही करू शकत नाही. पण 'अपडेट होत आहे, मशीन बंद करू नका' हे बाहेर रांग असताना बघावं लागलं नाही. अपडेट कधी घ्यायचं ते मी ठरवतो.

एक मामा काउंटरवर वाकून स्क्रीनकडं बघत म्हणाले, 'दादा, ह्यो कोणता नवा विंडोज घेतलाव?'

म्हटलं, 'विंडोज न्हाय मामा, दुसरंय. फुकट मिळतंय.'

'फुकट हाय तर माझा सातबारा बी फुकट काढ की मग.'

प्रिंटरचं नशिबावर आहे. एचपीचे बहुतेक लगेच ओळखले जातात, काही मॉडेलना एक जादा प्लगइन उतरवावं लागतं. माझा स्कॅनरवाला प्रिंटर लावताच चालू झाला. दुसरा, वेगळ्या कंपनीचा जुना लेझर, आजवर एक कागद देईना; तो विंडोजच्या वाट्याला सोडला. नवा घेणार असाल तर आधी पेन ड्राइव्ह दुकानात नेऊन मिंटवर लावून बघा, दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या.

आमच्याकडं लाइटचा भरवसा नाही आणि या लॅपटॉपची बॅटरी नावापुरती. मिंट चालू असताना लाइट गेली तर एक्स्ट४ आपल्या नोंदवहीवरून सावरतं, पुढच्या वेळी दोन-चार सेकंद जास्त, बास. विंडोज चालू असताना गेली तर मात्र मिंटमधून सी ड्राइव्ह उघडत नाही किंवा नुसता वाचायला मिळतो. तेव्हा मिंटमध्ये खटपट करत बसू नका, विंडोजात जाऊन चेकडिस्क चालवा, नीट शटडाउन करा, मग इकडं या. बाहेरच्या डिस्कवर प्रत ठेवण्याची सवय दोन्ही सिस्टिमसाठी लागतेच.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधी कधी मशीन सरळ विंडोजात उठते, मिंटची यादीच दिसत नाही. मिंट गेलेलं नसतं. बायोसमध्ये जाऊन 'उबंटू' वर आणलं की यादी परत.

आणि नाहीच पटलं तर काढायला अर्धा तास पुरतो, फक्त क्रम पाळा. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला करा आणि विंडोज आपलं आपण उठतंय याची खात्री करा. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते तीस जीबीचं पार्टिशन डिलीट, सी वर उजवी क्लिक, 'एक्स्टेंड व्हॉल्यूम'. जागा सी ला लागूनच काढलेली असल्यामुळं ती जशीच्या तशी परत जोडली जाते. लेगसीवाल्यांनी मात्र आधी विंडोजच्या डीव्हीडीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून बूट दुरुस्त करण्याची तयारी ठेवावी, कारण तिथं ग्रब, म्हणजे सुरुवातीची ती यादी दाखवणारा, डिस्कच्या तोंडाशीच बसलेला असतो आणि पार्टिशन उडवलं की विंडोजही उठत नाही.